तालुक्याच्या गावात सर्जन म्हणून राहायचं असेल तर

विचारणारा तरुण सर्जन आहे. एम.एस. झाल्यावर पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयात काही वर्षं काढली, आता आपल्या तालुक्याच्या गावी परतून छोटं हॉस्पिटल टाकायचं मनात आहे. बायको भूलतज्ज्ञ. तबला लहानपणापासून शिकलाय, गावासाठी काही करावं अशी ओढही आहे. घरचे म्हणतात, गावातला सर्जन म्हणजे चोवीस तासांचा गडी; ना तबला राहील, ना समाजसेवा, आणि हातातली कलाही गंजून जाईल. यावर माझं मत विचारलंय.

मी सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यात जनरल सर्जन म्हणून निम्म्याहून जास्त आयुष्य काढलं. माझं उत्तर ‘या’ असं आहे. पण घरच्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हात गंजायची काळजी आधी सोडा. पुण्यात तुम्ही पित्ताशयवाले असाल नाहीतर हर्नियावाले. इथे दारात जे येईल ते तुमचं, आणि काय येणार हे पिकावर ठरतं. सुगी आटोपून हातात पैसा आला की वर्षभर अंगावर काढलेले हर्निया, हायड्रोसील, मूळव्याध, भगंदर रांगेने येतात. पेरणीच्या दिवसांत तोच माणूस “अडकलं तर येतो की” म्हणून निघून जातो, आणि एखादा खरोखर अडकूनच येतो. रात्री दोनला, पोट फुगलेलं, आतडं काळं पडायच्या बेतात. पावसाळ्यात घोणस आणि फुरसं. प्रतिविष सुरू झालं तरी पाय सुजून टम्म होतो आणि चिरा द्यायचा का, म्हणून सगळे तुमच्या तोंडाकडे बघतात. बहुतेक वेळा द्यायचा नसतो, प्रतिविष पुरेसं गेलंय का आणि रक्त गोठतंय का हे बघत थांबायचं असतं. ते थांबणं चिरा देण्यापेक्षा अवघड. दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांची धुराडी पेटली की ऊसतोडीचे फड पडतात, मग कोयत्याचे घाव, ट्रॅक्टर-ट्रॉलीखाली आलेले पाय. बैलाने शिंग मारून पोट फाडलेला शेतकरी धोतराने आतडी धरून चालत आत येतो, हे तुम्ही पुण्यात पाहिलं नसेल.

कडबाकुट्टीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण तुमचा पहिलाच महिना त्यात जाण्याची शक्यता आहे. संध्याकाळी धारा काढायच्या आधी वैरण कापताना हात आत ओढला जातो. माणूस येतो तो टॉवेलात हात गुंडाळून. टॉवेलात हळद, कधी तंबाखू, कधी चुना. बोटं बहुधा गव्हाणीपाशीच राहिलेली. हात उंच धरायचा आणि नुसत्या दाबाने रक्त थांबवायचं. घाईने आर्टरी फोर्सेप्स (रक्तवाहिनी पकडायचा चिमटा) लावायची नाही. बोटात धमनीला चिकटूनच मज्जातंतू असतो, तो चिमटला की पुढच्या सर्जनसाठी काही शिल्लक राहत नाही. तोवर कुणाला तरी मोटारसायकलवर परत पाठवून बोटं आणवायची. ओलसर स्वच्छ गॉजमध्ये, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी बर्फात. बोट थेट बर्फावर ठेवलं की ते गेलं. अशी गार ठेवलेली बोटं बारा तासही तग धरतात. मनगटाच्या वरून हात तुटला असेल तर तिथे स्नायू असतो, मग सहा तासांचं गणित. पुणं इथून साडेतीन-चार तास. आता ठरवायचं तुम्ही. अंगठा असेल तर काहीही करून पाठवायचं, स्वतः फोन लावून तिकडचं टेबल तयार ठेवायला सांगायचं. करंगळीचं टोक असेल आणि पात्याने चेंदामेंदा केला असेल तर इथेच नीट स्टंप करायचा, म्हणजे उरलेलं टोक शिवून बंद करायचं, माणूस महिन्याच्या आत कामाला लागतो. पुण्याच्या प्लॅस्टिक सर्जनपर्यंत बोट पोहोचतं तेव्हा मोठा निर्णय तालुक्यात होऊन गेलेला असतो. हे नुसतं टाके घालणं नव्हे.

आणि कमी साधनांत काम करणं म्हणजे हलकं काम करणं, हाही एक शहरी गैरसमज. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर आठवा. हर्नियाला लावायची जाळी त्या काळी शेतमजुराच्या आवाक्याबाहेर होती. त्यांनी मच्छरदाणीचं कापड वापरून बघितलं, इतर ठिकाणच्या सर्जनांना बरोबर घेतलं आणि २००३ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त निष्कर्ष छापले. पुढे २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये युगांडातला अभ्यास आला: ३०२ पुरुष, निम्म्यांना मच्छरदाणीच्या कापडाची जाळी, निम्म्यांना बाजारातली महागडी, आणि वर्षभरानंतर दोन्हीत सांगण्यासारखा फरक नाही. दोंडाईच्याच्या एका खासगी हॉस्पिटलात आजमावलेल्या कल्पनेला एवढी लांबची साक्ष मिळाली. (उद्याच जाऊन दुकानातून मच्छरदाणी आणू नका. कापड कोणतं, ते निर्जंतुक कसं आणि किती तापमानाला करायचं, हे सगळं ठरलेलं आहे, आणि डासांचं औषध लावलेली जाळी तर अजिबात चालत नाही. शिवाय आता साध्या पॉलिप्रॉपिलीन जाळीच्या किमतीही तितक्या राहिल्या नाहीत.) असोसिएशन ऑफ रूरल सर्जन्स ऑफ इंडियाचं सभासदत्व घ्या. तिथल्या अधिवेशनात रोबोटची भाषणं कमी आणि ‘दिवे गेल्यावर काय केलंत’ याच्या गप्पा जास्त. मला त्या उपयोगी पडल्या.

बायको भूलतज्ज्ञ आहे हे तुम्ही प्रश्नात ओझरतं लिहिलंय. माझ्या मते सगळ्या प्रश्नात तीच मोठी बातमी आहे. तालुक्यातल्या बहुतेक सर्जनांचा दिवस बाहेरून येणाऱ्या भूलतज्ज्ञाच्या गाडीवर चालतो. तो सकाळी एका गावात सिझर करून येणार, दुपारी तिसरीकडे जाणार, आणि रात्री फुटलेला अल्सर आला की तुम्ही फोन लावत बसणार. तुमच्या घरात ती सोय आहे. पण दोन गोष्टी आधी बोलून घ्या. तिला फक्त तुमच्या टेबलाशी बांधू नका. गावातले बाकीचे डॉक्टर तिला बोलावतील, तिने जावं, तिचं स्वतःचं नाव व्हावं. आणि मुलं लहान असताना मध्यरात्री दोघांनाही एकाच वेळी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, जावं लागतं, तेव्हा घरात कोण? याचं उत्तर ओटीचा दिवा विकत घेण्याआधी तयार हवं. आमच्या ओळखीत दोन चांगली हॉस्पिटलं याच कारणाने बंद झाली, पैशाने नव्हे.

आता वेळेचं. वेळ उरत नाही. मी तरी उरलेला पाहिला नाही. पेशंट संपल्यावर तबला काढीन म्हणाल तर तबल्याची शाई उडून जाईल. छंद आणि गावकाम दोन्ही आठवड्याच्या वेळापत्रकात ओटी लिस्टसारखं लिहून ठेवावं लागतं, आणि ते पाळण्यासाठी एक माणूस लागतो: गावातला दुसरा सर्जन. तुम्ही याल तेव्हा तो तुमचा स्पर्धक असेल, औषध दुकानदार आणि एमआर मंडळी (औषध कंपन्यांचे प्रतिनिधी) एकमेकांच्या कागाळ्या पोचवायला उत्सुक असतील. पहिल्याच आठवड्यात त्याच्या घरी चहाला जा. आमच्याकडे माझ्या रविवारच्या सकाळी दुसरा सर्जन सांभाळतो, त्याच्या बुधवारच्या संध्याकाळी मी. फी ज्याने काम केलं त्याची, पेशंट ज्याचा त्याचा, त्यावर वाद नाही. बरीच वर्षं हे चाललंय. आमचं राजकारणावर एकमत होत नाही, अपेंडिक्स उघडून करायचं की दुर्बिणीने यावरही नाही. पण अडचणीच्या पोटात रात्री तीनला हात घालायला तोच येतो.

माझ्या रविवारच्या सकाळी उजनीच्या पाण्यावर जातात. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पुरं झालं आणि त्याच्या फुगवट्यावर, भिगवणच्या बाजूला, हिवाळ्यात रोहित पक्षी उतरू लागले. हिमालय ओलांडून पट्टकदंब हंस येतात. भादलवाडीच्या तळ्यावर चित्रबलाकांची वीण होते. पक्ष्यांचं मला पुस्तकातून थोडं कळत होतं, ते तिथल्या मच्छीमारांनी निकालात काढलं. एक नाना आहेत, वय साठीच्या पुढे, शाळा चौथी. मी दुर्बीण लावून सुरय जातीचा पक्षी कोणता हे ठरवत असतो, तोवर नाना वल्हं न थांबवता म्हणतात, “तो न्हाई सायेब, ह्याची चोच बघा, आन ह्यो असा आडवा न्हाई उडत.” पुस्तक उघडून बघितलं तर नाना बरोबर. पाणकावळे कुठे बसलेत त्यावरून जाळं कुठे टाकायचं हे त्यांना कळतं. मी अजून शिकतोय.

हे मुद्दाम सांगतोय. गावात सर्जनला कुणी चूक म्हणत नाही. दुकानात रांग मोडून पुढे बोलावतात, लग्नात पहिल्या पंगतीला बसवतात, ग्रामसभेत मोटारीच्या किमतीपासून पाण्याच्या पाइपलाइनपर्यंत मत विचारतात. दहा वर्षांत माणसाला वाटू लागतं की आपल्याला खरंच सगळं कळतं, आणि अशा सर्जनच्या हातून मग पोटात काय काय होतं ते मी पाहिलंय. म्हणून छंद असा हवा की जिथे तुम्ही शिकाऊ आहात आणि समोरचा तुम्हाला बिनधास्त टोकू शकतो. तुमचा तबला त्यासाठी उत्तम आहे, पण घरात एकटे वाजवू नका. गावच्या भजनी मंडळात जा. तिथे पखवाज असतो, वाजवणारा बहुतेक तुमचाच पेशंट निघेल, आणि तो तुमच्या शास्त्रशुद्ध बोटांना सांगेल की अभंगाला एवढं सजवायचं नसतं, टाळकऱ्यांच्या मागे चालायचं असतं. ते ऐकून घ्या.

छंद निवडताना आणखी एक साधा हिशेब असतो: मध्येच उठून जाता येतं का आणि हात सुरक्षित राहतात का. बागकाम, वाचन, तबला, पक्षी, फोटो, सगळं चालतं. व्हॉलीबॉलने बोटाची पेरं सुजतात. सुतारकामाची हौस असलेल्यांनी हातकरवत वापरावी, मशीनची नको. नाटक मात्र जपून. हौशी राज्य नाट्य स्पर्धेच्या मोसमात तिसरा अंक चालू असताना सिस्टरचा फोन आला तर तुमच्या जागी कोण उभं राहणार? नाटक मनापासून लागलंच तर डॉ. श्रीराम लागूंसारखं करावं लागतं. कान-नाक-घशाचे सर्जन होते, १९६९ मध्ये पूर्ण वेळ रंगभूमीवर गेले. दोन्ही दरडींवर पाय ठेवून पोचलेला मला आठवतो तो एकच, थिओडोर बिलरॉथ. १८८१ मध्ये जठराचा कर्करोग काढून पेशंटला ऑपरेशनमधून तारणारा व्हिएन्नाचा हा सर्जन व्हायोलिन आणि व्हायोला वाजवायचा, आणि संगीतकार ब्राह्म्सने आपली दोन क्वार्टेट्स (चार तंतुवाद्यांच्या रचना) त्याला अर्पण केली. पण बिलरॉथकडे सहायकांची फौज होती. तुमच्याकडे एक सिस्टर, एक वॉर्डबॉय आणि बायको असणार आहे.

माझ्या पक्ष्यांच्या छंदातून गाव कळतं, ते ओपीडीत कळत नाही. रांगेत चार माणसांसमोर न सांगितलेलं होडीत सांगतात. शौचाला रक्त पडतंय, सहा महिने झाले, घरी सांगितलं नाही. अशा वेळी होडीत काही उपचार सांगायचे नाहीत, ‘मूळव्याधच असेल’ असा दिलासा तर मुळीच द्यायचा नाही. उद्या सकाळी ये, उपाशी नको, नाव सांग म्हणजे रांगेत थांबायला लागणार नाही. एवढंच. आणि उद्या नाही आला तर परवा निरोप धाडायचा. ही हद्द आखून घेतली नाही तर भजनात, लग्नात, पेट्रोल पंपावर लोक सदरा वर करून दाखवतात, आणि दोन वर्षांत तुम्ही गावात फिरणंच सोडून देता.

समाजकामाबद्दल माझी मतं थोडी तिरकी आहेत. मोफत शस्त्रक्रिया शिबिरं मला आवडत नाहीत. बाहेरून पथक येतं, शाळेच्या हॉलमध्ये दोन दिवसांत ढिगाने ऑपरेशनं होतात, फोटो येतात, आणि चौथ्या दिवशी ताप आलेल्या पेशंटला बघायला कुणी नसतं. तो तुमच्या दारात येतो. जे काम ऑपरेशननंतर महिनाभर सांभाळता येणार नाही ते फुकटही करू नये. पैसे नसलेल्याचं ऑपरेशन आपल्याच हॉस्पिटलात, आपल्याच यादीत, बाकीच्यांसारखंच करावं आणि त्याचा बोभाटा करू नये.

त्यापेक्षा रक्ताचं काम घ्या. टेबलाशेजारी नातेवाइकाला झोपवून त्याचं रक्त थेट पेशंटला चढवायचे दिवस गेले, कायद्याने ते चालत नाही. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवरही सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ जानेवारी १९९८ पासून बंदी आली. दोन्ही बरोबरच झालं. पण त्यामुळे तालुक्याच्या सर्जनला पिशवी मिळणार ती जिल्ह्याच्या रक्तपेढीतून किंवा जवळच्या साठवण केंद्रातून, तीही तिथे असेल तर. आपल्याकडे शिबिरं होतात ती पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला, १५ ऑगस्टला, २६ जानेवारीला. एकाच आठवड्यात ढीग, आणि रक्त टिकतं ३५ ते ४२ दिवस. एप्रिल-मेमध्ये कॉलेजं बंद, ऊन, लग्नसराई. नेमकं तेव्हाच फ्रीज रिकामा. म्हणून आम्ही तरुण मंडळांच्या मागे लागून शिबिरांच्या तारखा वर्षभर पसरवल्या. पुरुषाला तीन महिन्यांनी, बाईला चार महिन्यांनी पुन्हा देता येतं, तेवढं धरून याद्या केल्या. पुढाऱ्यांना समजावणं सोपं नव्हतं. साहेबांचा वाढदिवस मेमध्ये कसा ढकलणार? शेवटी एका मंडळाने साहेबांच्या आईच्या वाढदिवसाचं निमित्त काढलं. चाललं.

दुसरं काम आमच्याकडे आपोआप चालून येतं. आषाढात ज्ञानोबांची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर करत आणि तुकोबांची अकलूजवरून, अशा दोन्ही पालख्या आमच्या तालुक्यातून पंढरपूरला जातात. सरकारी पथकं असतात, संस्था असतात, तरी पायांना हात लावायला माणसं कमीच पडतात. आळंदी-देहूपासून चालून आलेले पाय. सर्जनने इथे करायचं ते अगदी साधं आहे, पण नीट करायचं. फोडाच्या कडेला निर्जंतुक सुईने टोचून पाणी काढायचं, वरची कातडी सोलायची नाही, तीच उत्तम ड्रेसिंग आहे. त्यावर गॉजची गादी आणि घट्ट पट्टी, सकाळी चालताना सरकणार नाही अशी. आणि ज्याला मोठा फोड आहे पण दुखत नाही, त्याला बसवून ठेवायचं. दुखत नाही म्हणजे बहुधा साखर आहे आणि पायाची जाणीव गेली आहे. त्याच्या तळव्यात खिळा रुतलेला असतो आणि त्याला पत्ताच नसतो. एका आजींच्या चपलेतून बाभळीचा काटा आरपार गेला होता, चप्पल काढली तर काटा पायातच. त्या म्हणाल्या, “माउली, काढा लवकर, दिंडी पुढं गेली.” धनुर्वाताचं इंजेक्शन, ड्रेसिंग, गावी गेल्यावर कुणाला दाखवायचं त्याची चिठ्ठी, आणि दिंडीच्या ट्रकमध्ये जागा. चालू नका म्हटलं, ते त्यांनी कितपत ऐकलं ते विठोबाला ठाऊक. त्या दिवसांत आम्ही ठरवून केलेली ऑपरेशनं ठेवत नाही; स्टाफचंही लक्ष रस्त्यावरच असतं.

आता जे खरं अवघड आहे ते. गावातल्या सर्जनचं नाव काय कापलं यापेक्षा काय कापायला नकार दिला यावर टिकतं, आणि नकाराची किंमत शहरापेक्षा इथे जास्त असते, कारण नकार दिलेला माणूस सोमवारी बाजारात समोर येतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनांचा विषय राज्यभर गाजला, नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. आम्हाला त्याच्या आधीपासून हे दारात दिसत होतं. बाई पस्तिशीची, अंगावरून पांढरं जातंय, कंबर दुखतेय. सोबत दीर, आणि बोलतो तोच. “साहेब, पिशवी काढून टाका एकदाची. मुकादमाची उचल घेतलीय, खाडा पडला की पैसे कापतो.” बाई पदराचं टोक पिळत गप्प. अशा वेळी मी दीराला काउंटरवर केसपेपर करायला पाठवतो, सिस्टरला आत बोलावतो आणि विचारतो, “आक्का, काय होतंय ते तुम्ही सांगा.” मग कळतं की फडावर आडोसा नाही, पाणी नाही, पाळीचा कपडा धुवायला जागा नाही. तपासलं तर साधा जंतुसंसर्ग. औषधं, गर्भाशयाच्या मुखाची तपासणी, झालं. वयाच्या पस्तिशीत पिशवी आणि जोडीला बीजांडकोश काढले तर हाडं आणि हृदय यांची पुढची तीस वर्षं कशी जातील हे दीराला सांगून उपयोग नसतो. त्याला मी वेगळं सांगतो: “पिशवी काढली तर दोन महिने मोळी उचलायची नाही. म्हणजे अर्धा हंगाम एक कोयता बंद. आणि गोळ्या घेतल्या तर आठ दिवसांत बऱ्या.” हे पटतं. काहींना पटत नाही, ते दुसरीकडे जातात आणि तिथे ते काम होतं. त्याला माझ्याकडे इलाज नाही.

कटचं, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दल द्यायच्या कमिशनचं, तसंच. आसपासच्या गावांतले डॉक्टर पेशंट पाठवतात आणि काहींची अपेक्षा असते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, ज्यांनी विंचूदंशावर प्राझोसिन वापरून कोकणातले कितीतरी जीव वाचवले, ते या प्रकाराविरुद्ध उघडपणे बोलले. २०१७ मध्ये राज्य सरकारने कायद्याच्या मसुद्यासाठी समितीही नेमली. तुमच्यापुरतं सांगायचं तर, कट न देता टिकता येतं, पण पहिली तीन-चार वर्षं ओटी रिकामी दिसेल. त्या काळात पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरला प्रत्येक वेळी सविस्तर पत्र लिहा, काय सापडलं, काय केलं, टाके कधी काढायचे. जमेल तेव्हा त्यालाच ओटीत बोलवा, आणि ड्रेसिंगसाठी पेशंट त्याच्याकडेच परत पाठवा. पेशंट परत मिळतो हे कळलं की निम्मे लोक पाकीट विसरतात. उरलेल्या निम्म्यांचे पेशंट मिळणार नाहीत असं धरूनच कर्जाचा हप्ता ठरवा.

बाकी कागदपत्रांचं फार लिहीत नाही. १९४९ च्या कायद्याखालची नर्सिंग होम नोंदणी, वैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम, सोनोग्राफी ठेवली तर पीसीपीएनडीटीचं (गर्भलिंगनिदानबंदी कायद्याचं) रजिस्टर, अग्निशमनाचा दाखला. कटकट आहे, पण एक चांगला क्लार्क ठेवला तर होते. मुलांच्या शाळेचा प्रश्न सगळे विचारतात. आमची मुलं गावातच मराठी शाळेत शिकली आणि दहावीनंतर बाहेर पडली, बरं चाललंय त्यांचं. प्रत्येक घराचं वेगळं असतं, त्यावर मी सल्ला देणार नाही.

जागा घेण्याआधी एक महिना कुठल्याही तालुक्याच्या सर्जनकडे राहून या, नुसते बघायला नव्हे, रात्रीच्या ड्यूटीसह. बायकोलाही न्या. आणि जागा पसंत पडली की दराची बोलणी करण्याआधी महावितरणच्या ऑफिसात जाऊन तिथली लाइन गावठाण फीडरवर आहे की शेतीपंपाच्या, एवढं विचारा. शेतीच्या फीडरवर, म्हणजे ठरावीक तासच वीज येणाऱ्या लाइनवर, असेल तर मालक कितीही कमी करू दे, ती जागा सोडा.